कुस्कोजवळची इंका मंदिरं, आईला घेऊन जातेय, काय बघावं?

सई_प्रवासी: जूनमध्ये पेरूला चाललोय, मी आणि आई (वय ६४). माचू पिचूचं बुकिंग झालंय, कुस्कोसाठी अजून ४ दिवस आहेत. आईला जुनी देवळं, पूजेच्या जागा बघायची फार हौस. पण कुस्को ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट, तिथल्या विरळ हवेचीच धास्ती वाटतेय. कोणी जाऊन आलंय का?

भटक्या_नाशिक: ताई, कुस्कोला उतरलात की तिथे थांबू नका, सरळ गाडी करून ओयान्तायताम्बो या गावाला जा, ते २,८०० मीटरच्या आसपास आहे आणि माचू पिचूची ट्रेनही तिथून मिळते, कुस्को शेवटी ठेवा. आम्ही उलटं केलं आणि बाबांनी पहिली रात्र बसून काढली, डोकं नुसतं ठणकत होतं त्यांचं. ओयान्तायताम्बोला सूर्यमंदिराच्या ६ प्रचंड गुलाबी शिळा आहेत, नदीपलीकडच्या डोंगरातून आणलेल्या. काम अर्धवटच राहिलं, वाटेत राहून गेलेल्या शिळांना तिथे 'थकलेले दगड' म्हणतात. पायऱ्या खूप आहेत, आईंना सकाळी न्या, दम खात खात.

रानवाटा: कुस्कोजवळचं केन्को हे पूजास्थान अजिबात चुकवू नका!! टूरवाले १० मिनिटांत उरकतात, वाईट वाटतं बघून. अख्खा चुनखडीचा खडक कोरलाय, वर नागमोडी पन्हळ आहे, त्यातून चिचा म्हणजे मक्याची दारू सोडत असावेत म्हणतात, आणि खालच्या चिंचोळ्या फटीतून आत गेलं की खडकातच कोरलेला ओटा. बाहेर कडक ऊन आणि आत एकदम गार, लेण्यात शिरल्यासारखं. टॅक्सीने आधी वर ताम्बोमाचायला जा, तिथल्या दगडी पन्हळीतून अजून पाणी पडतं, मग उताराने केन्को आणि साक्सायवामानचा इंका किल्ला करत खाली या, चढ लागत नाही. कुस्को शहरातल्या कोरिकांचा या सूर्यमंदिराचं तिकीट वेगळं काढावं लागतं, पण जाच. स्पॅनिशांनी त्यावर चर्च बांधलं, १९५० च्या भूकंपात चर्चची पडझड झाली, खालच्या इंका भिंती मात्र जशाच्या तशा. आपल्या हेमाडपंती देवळांसारखं, चुना न वापरता दगडाला दगड बसवलेला. माझी आई तिथे बराच वेळ नुसती सांधे बघत उभी होती.

सई_प्रवासी: खूप आभार दोघांचे! २४ जूनला कुस्कोत असलो तर?

भटक्या_नाशिक: मग इंती रायमी मिळेल, सूर्याचा उत्सव! सकाळी कोरिकांचापासून सुरू होतो, मुख्य सोहळा दुपारी साक्सायवामानला. गर्दी तुफान असते, आईंसाठी तिथल्या खुर्चीचं तिकीट आधीच काढा. आणि उंचीच्या त्रासावर पितात तो कोकाच्या पानांचा चहा तिथेच प्या, पाकिटं भारतात आणू नका, बेकायदेशीर आहे.