लांब पायांच्या हिरव्या माशीची नवी प्रजाती ठरवायची कशी?

प्रश्न: ताम्हिणीच्या ओढ्याकाठी सापळा म्हणून ठेवलेल्या पिवळ्या ताटल्यांत डोलिकोपोडिडी या लांब पायांच्या माश्यांच्या कुळातले नर-माद्या मिळाल्या. वर्णन कशावरून करावं?

उत्तर १: नरावरूनच. त्याचं जननांग पोटाखाली पुढे दुमडलेलं असतं, खरा फरक तिथेच. पोटाचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कोमट ठेवा, दर काही मिनिटांनी बघत राहा. जास्त वेळ राहिलं की पारदर्शक होऊन कडा दिसेनाशा होतात. धुऊन ग्लिसरीनमध्ये चित्र काढा. तुकडा त्याच माशीच्या टाचणीवर, छोट्या कुपीत ठेवा. अदलाबदल झाली तर नमुना वायाच.

उत्तर २: नराच्या पायांवरचे केसही मोजा. माशी अल्कोहोलमधून काढून तशीच वाळवलीत तर डोळे आत बसतात.

उत्तर ३: होलोटाइप (नव्या नावाचा आधार ठरणारा नमुना) एकच नेमा, तो ज्या संग्रहात ठेवाल त्याचं नाव लिहा. १९९९ नंतरच्या नावांना हे बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आकुर्डीतच आहे, विचारा.