गुडविलला कपडे द्यावेत की देऊ नयेत?

मुक्काम_एडिसन: दिवाळीच्या आवराआवरीच्या धाग्यावर काल कुणीतरी लिहिले की, गुडविलला, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या इथल्या सेवाभावी संस्थेला, कपडे देणारा माणूस अपंगांच्या पिळवणुकीला हातभार लावतो, त्यापेक्षा ते कचऱ्यात टाकलेले बरे. हे वाचून राहवले नाही, म्हणून हा वेगळा धागा. बॉस्टनमध्ये 1902 साली एडगर हेल्म्स या मेथॉडिस्ट पाद्र्याने सुखवस्तू घरांतले जुने कपडे आणि सामान गोळा केले, त्याच्या दुरुस्तीच्या कामाला गरजूंनाच लावले आणि विक्रीतून त्यांची मजुरी दिली. आजही आपण नेऊन दिलेली खोकी माणसेच उपसतात, कपडे निवडून हँगरला लावतात, किमतीच्या चिठ्ठ्या डकवतात, आणि त्या विक्रीच्या पैशातून नोकरीचे प्रशिक्षण चालते. ज्याला मुलाखतीलाही कुणी बोलावत नाही, त्याला सकाळी डबा घेऊन निघायला एक ठिकाण मिळते. बाबा आमट्यांनी 1949 साली वरोऱ्याला भिक्षेऐवजी श्रमावर उभे केलेले काम आपण डोक्यावर घेतो. मग इथल्या कामाला नावे ठेवण्याची एवढी घाई कशाला?

हिशेबनीस: ते वाक्य माझेच आहे. बाबा आमट्यांचे नाव कृपया यात ओढू नका. अमेरिकेच्या 1938 च्या श्रमकायद्यातील कलम 14(सी) नुसार अपंग कामगाराला किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याचा परवाना मालकाला मिळतो. हातात स्टॉपवॉच घेऊन मोजणी होते, धडधाकट माणूस तेवढ्याच वेळात किती काम करतो याच्याशी तुलना केली जाते आणि त्या प्रमाणात मजुरी ठरते. पेन्सिल्व्हेनियातील गुडविलच्या काही कामगारांना तासाला 22 सेंट इतकी मजुरी मिळाल्याचे एनबीसी या वृत्तवाहिनीने 2013 मध्ये सरकारी कागदपत्रांवरून दाखवले. संघराज्याचे किमान वेतन तेव्हा सव्वासात डॉलर होते. डबा घेऊन निघायला ठिकाण मिळाले, म्हणून घामाचे दाम बुडवायचे का? संस्थाप्रमुखांचे पगार लाखो डॉलरांच्या घरात जातात, ते कुणी स्टॉपवॉच लावून ठरवत नाही.

मुक्काम_एडिसन: गुडविल ही एकच कंपनी नव्हे. सुमारे दीडशे प्रादेशिक संस्था स्वतंत्रपणे चालतात आणि त्यांतल्या कितीतरी संस्था हे कलम वापरत नाहीत. एकीचे पाप सगळ्यांच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

सदाफुली: माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. न्यू जर्सीत एकविसाव्या वर्षी शाळा संपली आणि पिवळी बस दारात यायची थांबली, त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आमचे आम्हाला ठाऊक. आता तो अशाच एका दुकानात, गुडविल नव्हे, काचसामान तपासतो. प्रत्येक पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवतो, टवका लागला की पेला बाजूला ठेवतो, आणि कुणी घाई केलेली त्याला खपत नाही. स्टॉपवॉचपुढे तो मागेच पडेल, पण त्याने तपासलेला पेला गिऱ्हाईक कधी परत आणत नाही. त्याला पूर्ण किमान वेतन मिळते. मला धास्ती आहे ती एसएसआयची, म्हणजे अपंगांना मिळणाऱ्या सरकारी मासिक भत्त्याची. महिन्याच्या मिळकतीतले पहिले 85 डॉलर सोडले, तर पुढच्या दर दोन डॉलरांमागे भत्त्यातला एक कापला जातो, आणि शिल्लक 2000 डॉलरांवर गेली की भत्ताच थांबतो. ही मर्यादा 1989 पासून हललेली नाही. पगार वाढवा म्हणणाऱ्यांनी याचेही उत्तर द्यावे.

पैलतीर: ताई, 2014 च्या कायद्याने एबल खाती, म्हणजे अपंगांसाठीची बचत खाती, आली आहेत. त्यांतली एक लाख डॉलरांपर्यंतची शिल्लक एसएसआय धरत नाही. शिवाय भत्ता थांबला तरी 1619(बी) कलमाखाली मिळकतीच्या ठरावीक मर्यादेपर्यंत मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, टिकतो. नीट माहिती न घेता घाबरून मुलांचे तास कमी करून घेणारे पालक मी पाहिले आहेत.

सदाफुली: नियम मला पाठ आहेत. दरमहा पगाराच्या चिठ्ठ्या पाठवूनही "तुम्हाला जादा भत्ता दिला गेला, तो परत करा" असे पत्र ज्यांच्या घरी येते, त्यांना घाबरट म्हणू नका. आम्ही उरलेले पैसे खात्यात टाकायचे, की आधी त्या पत्राला उत्तर द्यायचे?

पैलतीर: घाबरट म्हणण्याचा हेतू नव्हता. तरीही माझे म्हणणे कायम आहे, कारण कमी तासांची सवय लागली की मालक पुढे तास वाढवून देत नाहीत आणि मुलाचे कामच आक्रसत जाते.

हिशेबनीस: भत्त्याची कात्री ही सरकारची चूक आहे. तिच्या आडून कमी मजुरीचे समर्थन करता येणार नाही. व्हरमाँट राज्याने 2002 मध्येच संरक्षित कारखाने, म्हणजे अपंगांना वेगळे बसवून कमी मजुरीवर काम देणाऱ्या जागा, बंद केले आणि तिथल्या लोकांना साध्या नोकऱ्यांत बसवले. हे कलम टप्प्याटप्प्याने संपवण्याचा प्रस्ताव केंद्रीय श्रमखात्याने डिसेंबर 2024 मध्ये मांडला, आणि 2025 मध्ये तो मागेही घेतला. सदाफुलीताईंच्या मुलाच्या दुकानाला मी आनंदाने कपडे देईन, आणि "कचऱ्यात टाका" एवढे शब्द गाळायला माझी हरकत नाही. बाकीचे वाक्य तसेच राहील. 14(सी) चे परवाने कुणाकडे आहेत याची यादी श्रमखाते प्रसिद्ध करते. मुक्काम_एडिसन, आपण कपडे देता त्या संस्थेचे नाव त्या यादीत शोधलेत का?

मुक्काम_एडिसन: शोधलेले नाही. आज रात्री शोधतो आणि जे निघेल ते इथेच लिहितो. पण नाव नसेल, तर कालच्या धाग्यावरचे ते अख्खे वाक्य आपण काढाल, एवढे कबूल करा.