काळ्या झबल्यावर फुलं भरायचीत, रंग आणि टाके कुठले घेऊ?

खानापूरची आत्या

नमस्कार सगळ्यांना. भावाची लेक संक्रांतीला आठ महिन्यांची होईल, पहिलंच बोरन्हाण हाय, म्हणून काळ्या सुती कापडाचं झबलं मीच शिवणार म्हणून हट्टानं घेतलंय. कापड बेतून ठेवलंय, शिवायच्या आधी पुढच्या भागावर गळ्याखाली भरतकाम करायचंय. मधे एक जास्वंद, दोन्हीकडं शेवंती, मग अबोली आणि शेवटाला मोगऱ्याच्या कळ्या, अशी वेल काढलीय. ही चारही फुलं आमच्या आईच्या परसात होती, आई आता नाही, म्हणून मला तीच पाहिजेत, दुसरी कुठलीही सुचवू नका प्लीज.

गणपत गल्लीत जाऊन दोऱ्याच्या लड्या आणल्या, लाल, राणी कलर, पिवळा, अबोली, जांभळा, गडद हिरवा, पांढराशुभ्र. दुकानात एकाला एक लावून बघितल्या तेव्हा एवढ्या छान दिसत होत्या. काल उरलेल्या तुकड्यावर भरून बघितलं तर गडद हिरवी पानं दोन हातांवरनं दिसतच नाहीत, जास्वंद म्हणजे लाल डाग वाटतोय आणि पांढरी कळी तेवढी डोळ्यात घुसतीय. जास्वंदाच्या पाकळीला सॅटिन टाका घातला तर दोरे सैल पडून लोंबायला लागलेत. मला धावदोरा, साखळी, सॅटिन (शेजारी शेजारी भरीव टाके) आणि फ्रेंच नॉट (सुईला वेढे देऊन घातलेली गाठ) एवढंच येतंय. कुणीतरी नीट सांगा की, दिवस थोडे राहिलेत.

टिळकवाडीची काकू

अगं आईच्या परसातली फुलं म्हटल्यावर तीच काढायची, बदलायचं काही कारण नाही. तुझी गडबड लड्या बघण्यात झालीय. लडी जाड असते, सगळे पदर एकत्र, त्यामुळं रंग भरदार दिसतो, आणि दुकानात उजेड ट्यूबलाइटचा, आणि लडीच्या खाली काळं कापड पण नसतं. दोन पदर सुटे काढून तुझ्या त्या काळ्या कापडावर टाक, उजेडात दारात उभी राहा आणि चार पावलं मागं जा. जो रंग तिथनं दिसतो तो घे. काळ्यावर गडद हिरवा, जांभळा, मरून, नेव्ही हे बुडतात, कितीही महाग दोरा असू दे. पानांना पोपटी आणि त्याच्यापेक्षा एक घर गडद असा मध्यम हिरवा घे, अर्धं पान ह्या रंगानं अर्धं त्या रंगानं. पानाला फिशबोन टाका शिक, सोपा आहे, टोकाला एक सरळ टाका घालायचा आणि मग एकदा डावीकडनं एकदा उजवीकडनं तिरके टाके मधल्या शिरेवर एकमेकांवरनं चढवत यायचं, शीर आपोआप उमटते. पांढराशुभ्र परत कर नाहीतर ठेवून दे, मोतिया घे. मोगऱ्याची कळी तशीही कागदासारखी पांढरी नसतेच, देठाशी हिरवट असते, तिथं फिकट पोपटीचे दोनच टाके घाल म्हणजे कळी झाडावरची वाटेल.

आता जास्वंद. पाकळी मोठी म्हणून तुझा सॅटिन लोंबतोय. सॅटिन एक सेंटिमीटरपर्यंत ठीक, त्याच्यापुढं दोरा उचलतोच. तिथं लाँग अँड शॉर्ट घ्यायचा. आधी पाकळीच्या काठानं एका पदरानं बारीक टीप मार, म्हणजे काठ उठून येईल आणि वाकडातिकडा होणार नाही. मग त्या टिपेच्या बाहेरनं आत, एक लांब एक आखूड, एक लांब एक आखूड, आणि सगळे टाके फुलाच्या गळ्याकडं तोंड करून, हे सगळ्यात महत्त्वाचं. दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या टाक्यांतनं सुई वर काढून, मधे फट ठेवायची नाही. तीन रंग लागतील, काठाला उजळ लाल, मधे तुझा तो लाल, गळ्याशी डाळिंबी. डाळिंबी काळ्यावर बुडेल की काय असं वाटेल पण त्याला चारी बाजूनं लालच असतंय, काळं लागत नाही, म्हणून चालतो. पाच पाकळ्या, आणि एकेक पाकळी शेजारच्या पाकळीवर थोडी चढलेली, सगळ्या सुट्या सुट्या काढल्यास तर ती जास्वंद होणार नाही. मधला तुरा टीप मारून फिकट गुलाबीत काढ, त्याच्यावर पिवळ्या फ्रेंच नॉट, आणि अगदी टोकाला पाच लाल नॉट. खरं फूल हातात घेऊन मोज, पाचच असतात.

एक राहिलं, सहा पदर एकदम सुईत ओवू नकोस. लडीतनं हाताच्या कोपरापर्यंत दोरा काप, पदर एकेक करून वर ओढून सुटे कर, मग पाहिजेत तेवढे परत एकत्र धर. एकदम दोन-तीन ओढलेस तर गुंता होतो आणि टाका पण पिळदार दिसतो. पाकळ्यांना एकच पदर, पानांना दोन, नॉटला दोन. नॉट मोठी पाहिजे असली तर पदर वाढवायचे, सुईला वेढे वाढवायचे नाहीत, जास्त वेढ्यांची गाठ कलंडते.

निपाणीवाली

काकूंनी रंगाचं सगळं सांगितलंय, मी फक्त बाळाचं सांगते. लेझी डेझीचे मोठे फासे आणि मोकळे लांब टाके नकोत, बाळाच्या बोटात अडकतात, माझ्या भाच्याच्या टोपीवर असंच झालं, बोट अडकलं आणि फासा उसवेपर्यंत पोरगं रडत होतं. एक फासा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवा. जरी, टिकल्या, मणी काहीच नको. आणि मागनं मलमलचं अस्तर लावाच, तुम्ही शिवायच्या आधी भरताय ते बरं झालं, गाठी सगळ्या अस्तरात जातील. बोरं, कुरमुरे, हलवा डोक्यावरनं पडताना पोरं हात-पाय झाडतात, त्या वेळी छातीला गाठी टोचायला नकोत.

सासर शहापूर

माझं माहेर धारवाडकडं, आमच्या घरी कसुती, म्हणजे तिकडचं हातानं भरायचं भरतकाम. काळ्यावर कुठला रंग उठतो हे तिकडच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत, कारण लग्नातल्या काळ्या चंद्रकळेवर कसुती भरायचीच असायची. आमची अज्जी लाल, केशरी, पिवळा, हिरवा आणि पांढरा एवढ्यावर अख्खा पदर उभा करायची, पण दोन गडद रंग शेजारी कधी यायचे नाहीत, मधे पांढऱ्याची नाहीतर पिवळ्याची एक ओळ हमखास. तुमच्या वेलीला पण हे लावून बघा, लाल जास्वंदाच्या लगेच शेजारी राणी कलर नका घेऊ, दोन्ही एकमेकांना खातात, मधे पिवळी शेवंती येतीय तेच बरोबर आहे.

कसुतीत कापडावर आधी काही छापत नाहीत, ताणा-बाणा मोजूनच भरतात, गाठ मारत नाहीत, आणि गवंतीचा टाका, म्हणजे जाऊन परत येत घातलेला धावदोरा, दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. तुमची फुलं गोलसर आहेत म्हणून ती मोजून नाही भरता येणार, पण झबल्याच्या घेराला आणि बाह्यांना एक बारीक ओळ मेंथीची घाला. मेंथी म्हणजे साधा फुलीचा टाका. मोतिया रंगात घातली तर वेलीशी जुळेल. बाळाच्या अंगावर आजीच्या परसातली फुलं आणि काठाला आपल्या भागातलं काम, मला तर वाचूनच डोळ्यापुढं आलं.

दोरा सुई

लाल दोऱ्याचा रंग जातो का बघितलं का आधी? मी एका दुकानातनं सुटा लाल दोरा घेतला होता, पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर गुलाब भरले, महिनाभराचं काम, पहिल्याच धुण्यात सगळा अभ्रा गुलाबी. तुमचं कापड काळं आहे त्यामुळं कापडावर दिसणार नाही पण मोतिया कळ्या आणि ते मलमलचं अस्तर नक्की खराब होईल. लालचा एक तुकडा ओला करा, पांढऱ्या कापडात दाबून वरनं इस्त्री फिरवा, डाग पडला तर तो दोरा वापरू नका. तसंच काळ्या कापडाचं पण करा, काळं तर हमखास जातं, आधी एकदा धुऊन वाळवूनच रिंगवर चढवा, आटायचं ते पण आटून जाईल. आणि नक्षी उतरवायला पांढरा नाहीतर पिवळा कार्बन मिळतो, निळा कार्बन काळ्यावर दिसत नाही.

खानापूरची आत्या

सगळ्यांचे खूप खूप आभार. लाल दोरा तपासला, थोडा डाग आला, म्हणून आज अँकर कंपनीची लडी आणली आणि ती पण तपासली, स्वच्छ. मोतिया, पोपटी, डाळिंबी पण आणले, जांभळा बाजूला ठेवला. दुपारी दारात बसून एक पाकळी भरली, काकू तुम्ही म्हणालात तसं टीप मारून वरनं लाँग अँड शॉर्ट, सगळे टाके गळ्याकडं. दुसऱ्या ओळीला दोनदा उसवलं, पण तिसऱ्या वेळी पाकळी मधे दबलेली आणि काठाला उचललेली अशी दिसाय लागली. वहिनीला काही न सांगता दाखवली, ती लगेच म्हणाली जास्वंद का?

आता अबोलीवर अडलेय. गोल पाच पाकळ्या काढल्या तर ती अबोली वाटत नाही, कुठलं पण फूल वाटतंय. आणि शेवंतीला काय करू?

टिळकवाडीची काकू

अबोली गोल नसतेच गं. गजरा ओवताना आठव, पाकळी सगळी एकाच बाजूला पसरलेली असते, पंख्यासारखी, आणि खाली बारीक नळी. म्हणून एकाच बिंदूतनं पाच आखूड सरळ टाके पंख्यासारखे काढ, मधला लांब, कडेचे थोडे आखूड, आणि बिंदूपाशी पिवळ्याचा एक टाका. दुसऱ्या बाजूला काही नाही, मोकळी ठेव. तीन-चार फुलं एका हिरव्या तुऱ्यातनं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून काढलीस की गजऱ्यातली अबोली दिसेल.

शेवंतीला पण सरळ टाकेच. बाहेरची फेरी लांब, फिकट पिवळी. आतली आखूड, हळदीसारखी गडद पिवळी, बाहेरच्या दोन टाक्यांच्या मधनं निघालेली. मधोमध गडद पिवळ्याच्या नॉट दाट बसव. टाके घड्याळाच्या काट्यासारखे एकसारखे नको, थोडे पुढं-मागं असू देत, शेवंती तशीच असते.

खानापूरची आत्या

पंख्यासारखी! आई गजरा करताना सगळ्या अबोल्यांची तोंडं बाहेर करून ओवायची, मी शेजारी बसून देठ हातात द्यायचे, आणि मला हे एवढं आठवलं नाही. आत्ताच एक काढून बघितली, अबोलीच दिसतीय. उद्या उजेड आला की तुरा भरायला घेते. बाह्यांना मेंथी पण करणार, मोतियातच.