मदत हवी आहे: शहरात अ‍ॅव्हरेज १७ वरून साडेचौदावर, नेमकं कुठे शोधू?

नऱ्हेकरीण

नमस्कार मंडळी,

गाडी २०१९ ची, बाराशे सीसी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. रोज नऱ्हे ते हिंजवडी फेज १, बायपासने. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. शिवाय महिन्यातून एखादी चक्कर साताऱ्याला, माहेरी.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऑफिसच्या रस्त्याला फुल टू फुल हिशोबाने १७ च्या आसपास पडायचं. आता साडेचौदा. मीटर १६ दाखवतो, पण तो कायमच थोडं गोड बोलतो, त्यामुळे टाकी भरून काढलेला आकडाच धरते. सर्व्हिसिंग वेळेवर आहे, प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, आता सगळ्यांचंच असं झालंय," आणि लगेच इंजेक्टर साफ करायचं पॅकेज पुढे केलं. सगळ्यांचंच झालं असेल तर माझेच इंजेक्टर का साफ करायचे, ते विचारल्यावर गप्प बसला.

घरात तीन पक्ष आहेत. नवरा म्हणतो इथेनॉल. नणंद म्हणते एसी. सासऱ्यांनी बरीच वर्षं पद्मिनी चालवली आहे. त्यांचं म्हणणं, साताऱ्याहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की गाडी न्यूट्रल करायची, ती थेट नवले पुलापर्यंत फुकटात येते. मला ते करायची भीती वाटते, पण ते इतक्या खात्रीने सांगतात की नाही कशी म्हणू?

तर विचारायचं असं की अडीच किलोमीटरची घट इथेनॉलने होऊ शकते का? नसेल तर गाडीत काय तपासून घेऊ? आणि न्यूट्रलचं खरं काय? नवीन गाडी घ्या असं कृपया सांगू नका, कर्ज आत्ताच फिटलंय.

पिस्टनपंत

न्यूट्रलचं आधी, कारण बाकी सगळं पैशांचं आहे आणि हे जिवाचं.

तुमचे सासरे त्यांच्या काळापुरते बरोबर आहेत. पद्मिनीला कार्ब्युरेटर होता, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग. गिअरमध्ये पाय उचलून उतरलं तरी इंजिन जोरात फिरत राहायचं आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढत राहायचं. न्यूट्रल केलं की इंजिन आयडलवर यायचं, म्हणून खरंच वाचायचं.

तुमच्या गाडीत इंजेक्शन आहे. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला आणि इंजिन आयडलपेक्षा बऱ्यापैकी वर फिरत असलं, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंदच करतो. इंजिनाला चाकं फिरवत असतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत तर इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं आणि त्यासाठी ते आयडलचं पेट्रोल पितं, बाराशे सीसीला ताशी पाऊण लिटरच्या आसपास. म्हणजे सासरे ज्याला फुकट म्हणतात त्यालाच पैसे पडतात.

दुसरं म्हणजे इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमधल्या इंजिनाने गाडीला रोखणं, जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापले की पकड कमी होते. इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट: ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पॅडल दाबेपर्यंत पुरतो, मग पॅडल दगडासारखं होतं, आणि पॉवर स्टीअरिंगही जातं. तुम्ही म्हणता तोच उतार आठवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळ ट्रकने गाड्यांची रांग चेपली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. डिझेल वाचवण्यासाठी तिथे ट्रक न्यूट्रलवर सोडतात ही तक्रार त्याआधीपासून आहे. तिथे तिसरा किंवा चौथा गिअर ठेवा आणि लेन सोडू नका.

खंबाटकी

+१. फक्त एक दुरुस्ती. अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते आणि पुन्हा पाय द्यावा लागतो, तिथे कागदावर न्यूट्रल थोडं पुढे जातं. म्हणूनच हा वाद मिटत नाही. दोन्ही बाजूंनी आपापला उतार पाहिलेला असतो.

पिस्टनपंत

मान्य. पण नऱ्हेच्या, म्हणजे नवले पुलाकडच्याच, उतारावर गाडी आपणहून वेग घेते, तो सौम्य नाही. आणि सौम्य उतारावर वाचतील ते थेंब, त्यासाठी ही सवय लावून घेऊ नका.

उसाचा_रस

इथेनॉलचा हिशोब मी देतो.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. देशात १० टक्के मिश्रण २०२२ मध्ये गाठलं, २० टक्के २०२५ मध्ये. १० वरून २० वर जाताना लिटरमागे ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात यापेक्षा मोठा आकडा आहे: मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी (१० टक्के इथेनॉल) जुळवलेल्या चारचाकीला ई२० वर (२० टक्के) ६ ते ७ टक्के घट. २०१९ ची गाडी याच गटात धरायला हरकत नाही. ई२० साठीच जुळवलेल्या गाड्यांना हीच घट १ ते २ टक्के सांगितली आहे.

आता १७ मधून ६-७ टक्के काढा, १६ च्या जरा खाली येतं. म्हणजे नवऱ्याचं अर्धंच बरोबर. उरलेला सव्वा-दीड किलोमीटर दुसरीकडे कुठेतरी गेलाय.

(अवांतर: आमच्या भागात साखर कारखान्याला ऊस घालणारेच पंपावर इथेनॉलला शिव्या घालतात. मीही त्यातलाच.)

सई_टायरवाली

टायरमधली हवा थंड असताना तपासली का? ऑफिसला पोचल्यावर किंवा पंपापर्यंत गाडी चालवत नेल्यावर टायर तापलेले असतात आणि दोन-चार पीएसआय जास्त दाखवतात. मग पंपावरचा मुलगा म्हणतो "ठीक आहे" आणि प्रत्यक्षात हवा कमी असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा थंड टायरचा. घरी छोटा गेज ठेवा.

मध्ये टायर बदललेत का? आणि आधीच्यापेक्षा मोठ्या मापाचे टाकलेत का? घेर वाढला की चाकाचे फेरे कमी होतात, किलोमीटर कमी मोजले जातात आणि अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. नायट्रोजनच्या मागे लागू नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

पिस्टनपंत

गाडीत आणखी पाहण्यासारखं:

गाडी चालवून आल्यावर, शक्यतो ब्रेक फार न वापरता, चारही रिमजवळ हात न्या. स्पर्श करू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे गरम असलं तर तिथला ब्रेक धरून राहतोय. अ‍ॅव्हरेज खाणारा हा सगळ्यात मुका आजार आहे, कारण गाडी चालवताना जाणवत नाही.

मग इंजिन ऑइल. पुस्तिकेत पातळ ग्रेड लिहिलेला असतो आणि बाहेरचे काही गॅरेजवाले "आपल्याकडे उष्णता फार" म्हणत जाड ऑइल घालतात. बिल काढून बघा.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत थंडाव्याचं पाणी अडवणारी झडप) उघडाच अडकला असेल तर इंजिन पूर्ण तापत नाही आणि ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो. काटा किंवा निळा दिवा नेहमीपेक्षा उशिरा हलत असेल तर हे बघा.

एअर फिल्टरबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. इंजेक्शनच्या गाडीत तो तुंबला तर ओढ कमी होते, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. बाटलीतली औषधं, पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक यांच्यावर बोलत नाही.

चार्जिंग_चालू

ईव्हीवाल्याची लुडबुड माफ करा, पण उताराचं गणित आमच्याकडे डोळ्यांना दिसतं. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची साधारण साडेपाचशे मीटर कमी होते. दीड टनाच्या गाडीसाठी ही सव्वादोन युनिट ऊर्जा झाली. त्यातली सगळी नाही, पण बरीचशी बॅटरीत परत येते. तुमच्याकडे ती ब्रेक पॅडच्या धुरात किंवा इंजिनाच्या फिरण्यात जाते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मात्र आमच्याकडेही जागा नसते आणि रिजन (उतारावरची ऊर्जा बॅटरीत परत भरणं) कमजोर पडतं, म्हणून लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून घाट उतरणं हा शुद्ध वेडेपणा.

खंबाटकी

ताईंनी नवीन गाडी नको म्हणून सांगितलंय ना राव!

नऱ्हेकरीण, गाडी बिघडली की रस्ता बदलला हे आधी वेगळं करा. रविवारी पहाटे साताऱ्याला जा-या करा, वेग ७०-८० वर स्थिर ठेवा, निघताना आणि परत आल्यावर एकाच पंपावर, एकाच नोझलवर, ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा. ऑटो कटनंतर ठासून भरू नका, बाष्प शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल जातं. जाऊन-येऊन एकच रस्ता असला की चढ-उतार आपसांत फिटतात. हा आकडा जुन्या हायवेच्या आकड्याजवळ आला तर गाडीला काही झालेलं नाही.

१०० ने जाऊ नका. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० च्या मानाने १०० ला तो दीडपटीहून जास्त. पीसीआरए (इंधन बचतीचा प्रचार करणारी सरकारी संस्था) तर कित्येक वर्षं ४५ ते ५५ च सांगत आलीय, पण हायवेवर तेवढ्या वेगाने मागचे ट्रकवाले जगू देणार नाहीत.

शिवाय ऑफिसला पूर्वी किती वेळ लागायचा आणि आता किती, तेही लिहा. मॅपच्या टाइमलाइनमध्ये सापडेल.

नऱ्हेकरीण

सगळ्यांना धन्यवाद. सगळं एकदम करता आलं नाही म्हणून उत्तराला उशीर.

टायर त्याच मापाचे आहेत. थंड असताना हवा मोजली, पुढे चार आणि मागे पाच पीएसआय कमी निघाली. चाकं चारही सारखीच कोमट. ऑइल पुस्तिकेतलंच. इंजिनही वेळेवर तापतंय.

हवा भरून सातारा करून आले. पूर्वी हायवेला साडेवीसच्या आसपास मिळायचं, आता साडेएकोणीस.

टाइमलाइनने मात्र डोळे उघडले. ऑफिसला पूर्वी ५५ मिनिटं लागायची, आता ८० च्या खाली क्वचितच. मधला भूमकर चौक कोणाच्या वाट्याला येऊ नये.

उसाचा_रस

मग झालं की! हायवेची घट पाच टक्के, ती बहुतेक सगळी इथेनॉलची. गाडी ठणठणीत.

शहराचं बघा. १७ ने रोजचे ५० किलोमीटर म्हणजे २.९ लिटर. इथेनॉलचे पाच टक्के धरून ३.१. आणि साडेचौदाने लागतं ३.४५. म्हणजे साधारण ३५० मिली जास्तीचं. तुमचा वेळ जाऊन-येऊन ५० मिनिटांनी वाढलाय. त्यातली निम्मी जागच्या जागी उभी धरली तर एसीसकट ताशी पाऊण ते एक लिटरने तेवढंच येतं. हवा कमी असल्याचा वाटा टक्काभर असेल. तुमचं पेट्रोल वाकडच्या अलीकडे उभ्या-उभ्या जळतंय.

खंबाटकी

यावर चालवण्याच्या पद्धतीने जे वाचेल ते थोडंच, पण वाचतं. पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून थांबा-पळा करू नका. दोन गाड्यांचं अंतर सोडा आणि पहिल्या-दुसऱ्यावर एकसारखं सरकत राहा. मधे कोणीतरी घुसतो, घुसू द्या. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की नुकतंच जाळलेलं पेट्रोल उष्णता होऊन जातं. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं नक्की असेल तर इंजिन बंद. पुन्हा चालू करायला आयडलच्या दहाएक सेकंदांइतकंच पेट्रोल लागतं. पण लांब रांगेत, उतारावर किंवा गाडी सरकत असताना बंद करू नका.

एसीचं नणंदबाईंना सांगा: खातो, नाही असं नाही. पण उन्हात तापलेली गाडी आधी काचा उघडून मिनिटभर चालवली आणि मग आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलं तर बराच कमी खातो. हायवेला काचा उघड्या ठेवून वाचवायला जाऊ नका, हवा आत भरून विरोध वाढतो.

खरा फरक निघायच्या वेळेने पडेल. साडेसातला निघून बघा.

नऱ्हेकरीण

साडेसातचं दोन आठवडे करून बघते, ऑफिसने वेळ बदलून दिली आहे. मुलाची स्कूल बस सातला येते, त्यामुळे जमेल. सासऱ्यांना पिस्टनपंतांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "पद्मिनीपुरतं बरोबर" हे वाक्य त्यांना आवडलं, बाकीचं ऐकून घेतलं.

एक राहिलं. नवऱ्याला पंपावरच संशय आहे. माप कमी देतात हे कसं तपासायचं?

सई_टायरवाली

प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. मागा, त्यात पाच लिटर ओतायला सांगा. २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर तक्रार करा. नवऱ्यालाच पाठवा, गर्दीच्या वेळी.