जिजीची स्मरणिका: घरच्या ग्रुपवर

बेबीआत्या (बारामती): स्मरणिकेचा मजकूर वाचला. आठ पानं आप्पांवर. जिजीवर एक ओळ: "त्यांना सौभाग्यवतींची मोलाची साथ लाभली." दादा, कार्यक्रम नक्की कुणाचा आहे?

मोठे काका: बेबी, मजकूर सर्वानुमते ठरलेला आहे. रात्री साडेदहाला असे मेसेज टाकू नयेत ही नम्र विनंती. 🙏

धाकटे काका: सर्वानुमते म्हणजे तुमच्या आणि प्रेसवाल्याच्या.

वैशाली वहिनी: जेवणाचा आकडा कळवा सगळ्यांनी. उभ्या रिंगणाच्या आठवड्यात आचारी मिळत नाही माळीनगरात, त्याला आत्ताच सांगायचंय.

बेबीआत्या: जिजी सासवडहून बैलगाडीत बसली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते. पायाशी जातं. भाटघरचं धरण झालं १९२८ ला, उजव्या कालव्याला पाणी आलं, सासवडची माळी मंडळी खंडानं जमिनी घ्यायला निघाली, हे सगळं झकास लिहिलंय. त्या जमिनीतल्या बाभळी कुणी खणून काढल्या तेवढं राहिलं.

मोठे काका: गाडी जेजुरीवरून गेली. वारीचीच वाट आहे ती. लिहायचं तर नीट लिहावं.

चिंटू: जेजुरी घेतो काका. येळकोट येळकोट 😄

ताई (हडपसर): "जन्म प्लेगच्या वर्षी, १८९७" असं छापताय? मग बेबीआत्या तिला पन्नाशी उलटल्यावर झाली.

धाकटे काका: 😂😂

बेबीआत्या: ती मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या सालातली. १९१८. स्वतः सांगायची.

मोठे काका: मला आप्पांनी प्लेग सांगितलं होतं.

धाकटे काका: आप्पांना आपण कितवीत आहोत तेही माहीत नसायचं.

वैशाली वहिनी: आकडा प्लीज.

बेबीआत्या: माळीनगरचा साखर कारखाना स्थापन झाला १९३२ ला, साखर पडली १९३४ ला. तोवर गूळच. आप्पा शेअर गोळा करत फिरतीवर. मग रात्री कालव्याच्या पाण्याची पाळी आली की उसाला दारं कोण धरायचं? बांधावर कंदील आणि ही गुडघाभर चिखलात. पुंड्या ऊस मऊ, कोल्ह्यांची चंगळ. एका हातात खोरं, एका हातात काठी. गुऱ्हाळावर पाण्यात बोटं बुडवून पाकाची गोळी करायची. काहील कधी उतरवायची ते गुळव्याच्या आधी हिला कळायचं.

मोठे काका: त्या काळी बाईमाणूस काहिलीजवळ जात नसे. हे जरा अति होतंय.

ताई: काका, भेंडी ठेचून मळी काढायलाही तीच असायची. बोटांवरचे चटके दाखवलेत तिनं मला.

मोठे काका: शेअरचं मी लिहिलं आहे. पान ३ पाहावे.

बेबीआत्या: पाहिलं. "आप्पांनी काटकसरीने भांडवल उभे केले." काटकसर म्हणजे जिजीचे गोठ आणि बोरमाळ. शेअर कुणाच्या नावावर झाले?

मोठे काका: जुने विषय इथे नकोत. ग्रुपवर लहान मुलं आहेत.

चिंटू: काका मी बत्तीस वर्षांचा आहे

राजू (ओमाहा): इकडे नेब्रास्कात अशा आज्यांवर म्युझियमं आहेत. १८६२ चा होमस्टेड कायदा. १६० एकर, पाच वर्षं राहून कसायची, मग कायमची तुमची. लाकूड नाही म्हणून मुळांसकट गवताची ढेकळं कापून घरं बांधली, रानगव्यांच्या वाळलेल्या शेणावर स्वयंपाक केला. अविवाहित बाईला, विधवेला स्वतःच्या नावावर जमीन मिळायची. आपली जिजी अगदी तशीच.

मोठे काका: ती जमीन तिथल्या मूळ लोकांची होती, राजू.

राजू (ओमाहा): हो काका. ते पण लिहिलेलं असतं.

ताई: आणि लग्न झालेल्या बाईचं काय?

राजू (ओमाहा): नवरा असेल तर नवऱ्याच्या नावावर.

बेबीआत्या: मग अगदी तशीच.

वैशाली वहिनी: मंडळी, आकडा. आत्तापर्यंत फक्त चिंटूनं दिलाय, तोही "बघू" असा.

चिंटू: जिजीचं जातं कुणाकडे आहे? स्टेजवर ठेवू.

धाकटी काकू: बंगल्याच्या बागेत आहे. वर कोरफडीची कुंडी. जाऊबाईंना विचारा.

मोठी काकू: वाड्यामागं उकिरड्यात पडलं होतं, आम्ही उचलून आणलं. हवं त्यांनी न्यावं. टेम्पोचं भाडं आपापलं.

धाकटी काकू: तसं नाही म्हटलं मी.

मोठी काकू: मीही तसं नाही म्हटलं. शुभ रात्री. 🌹

बेबीआत्या: अजून एक. "चार अपत्ये" लिहिलंय. पाच. पहिला मुलगा हिवतापानं गेला. कालवा आला तसे डासही आले, घरोघर माणसं कुडकुडत पडलेली. आप्पा कारखान्याच्या कामाला पुण्यात. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नाही.

ताई: आत्या, हे कधीच कुणी बोललं नाही.

बेबीआत्या: विचारलं कुणी?

मोठे काका: हे छापायचं?

बेबीआत्या: छापायचं.

मोठे काका: पान वाढेल.

धाकटे काका: पानाचे पैसे मी देतो.

मोठे काका: प्रश्न पैशाचा नाही.

धाकटे काका: मग कशाचा आहे?

मोठे काका: (हा मेसेज डिलीट केला आहे.)

मोठे काका: ठीक आहे. बेबी, तू लिहून दे. दोन पानं. उद्या संध्याकाळपर्यंत.

बेबीआत्या: चार.

मोठे काका: तीन. आणि त्यात हक्कसोडपत्राचा विषय नको.

बेबीआत्या: त्याला तीन पुरायचीही नाहीत, दादा.