'साउंडस्टेज'ला मराठीत काय म्हणावं? मंच की पट?

आधी अर्थ सांगते. दोन स्पीकरसमोर नेमक्या जागी बसून डोळे मिटले की आवाज त्या खोक्यांतून येतोय असं वाटेनासं होतं. गायिका मधोमध उभी असते, जिथे खरं तर नुसती भिंत आहे. गिटार तिच्या डाव्या हाताला, ड्रम दोन पावलं मागे. कानांना जाणवणारी ही रुंदी आणि खोली म्हणजे साउंडस्टेज.

'ध्वनिमंच' लगेच सुचतो, पण मला तो पटत नाही. ग्राहक मंच, विचार मंच यांच्या पंगतीत तो एखाद्या संस्थेचं नाव वाटतो. शिवाय मंच आधी बांधतात, माणसं मागाहून चढतात. इथे आवाज थांबला की मंचही नाहीसा. 'ध्वनिचित्र' म्हटलं की ध्वनिचित्रफीत आठवते. 'स्वरपट' गळ्याच्या पल्ल्यासाठी ठीक.

माझं मत 'ध्वनिपट'ला. नदीचा पट रुंदावतो, कादंबरीचा पट मोठा असतो, म्हणजे विस्तार आला. आणि बुद्धिबळाचा पट मांडतात, त्यावर प्रत्येक मोहऱ्याला आपलं घर असतं. साउंडस्टेजही मांडावाच लागतो, महागडी यंत्रणा आणली म्हणून तो आपोआप उलगडत नाही.

प्रतिसाद:
ध्वनिपट वाचून मला बोलपटच आठवला. आणि 'इमेजिंग'ला काय म्हणायचं? दोन्ही एकच ना?

धागाकर्ती:
बोलपट आता जुन्या लेखनातच भेटतो, त्यामुळे घोटाळा होणार नाही असं वाटतं. पण इमेजिंग वेगळं. पट म्हणजे विस्तार. त्यावर प्रत्येक वाद्य किती ठाम बसलंय ते इमेजिंग. त्याला 'ध्वनिप्रतिमा' म्हणू.

हा फरक मला घरीच कळला. एकदा साफसफाईनंतर तारा परत जोडल्या आणि एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली. आवाज खोलीभर पसरला, पहिल्यांदा वाटलं, काय पट रुंदावलाय! पण गायिका कुठेच सापडेना, जणू माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी गात होती. खर्जही पातळ झाला होता. तार सुलटी केली आणि ती पुन्हा मधे येऊन उभी राहिली. म्हणजे पट फाकला होता, प्रतिमा विरल्या होत्या. एकाच शब्दात हे सांगताच आलं नसतं.

प्रतिसाद:
माझ्याकडे गायिका कायम उजवीकडे सरकलेली असते. तारा बरोबर आहेत. याला 'पट कलणे' म्हणावं का?

धागाकर्ती:
'कलणे' फार छान! आधी टेपने मोजा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर २ मीटर अंतरावर असतील तर तुम्हीही प्रत्येकापासून २ मीटरवर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एका स्पीकरपासून तुम्ही ३४ सेंटिमीटर जवळ असाल तर त्याचा आवाज १ मिलिसेकंद आधी पोचतो, आणि एवढ्यानेच प्रतिमा जवळपास पूर्ण त्या बाजूला ओढली जाते. कान आधी आलेल्यावर विश्वास ठेवतात.

अंतरं जुळली तरी कल राहिला, तर बाजूच्या भिंती पाहा. एकीकडे उघडी भिंत आणि दुसरीकडे पडदा असला तरी तोल जातो. कुणालातरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. तुमच्या खुर्चीतून आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज उसळून तुमच्याकडे येतो. तिथे जाड पडदा किंवा भरलेलं पुस्तकांचं कपाट ठेवा. पटाला खोली हवी असेल तर स्पीकर मागच्या भिंतीपासून पुढे ओढा. माझ्या खोलीत हातभर पुढे घेतल्यावर ड्रम पहिल्यांदा खरोखर मागे गेले.

प्रतिसाद:
मग 'स्टिरिओ'लाही 'द्विध्वनी' म्हणू या.

धागाकर्ती:
नको. ग्रीक 'स्टेरिऑस' म्हणजे घन, भरीव. दोन या संख्येचा त्यात संबंधच नाही. अ‍ॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्यांनी १९३१ साली स्टिरिओच्या ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातला त्यांचा शब्द होता 'बायनॉरल', म्हणजे द्विकर्णी. दोन कान तिथे आहेत. स्टिरिओ मात्र मराठीत रुळलाय, तो तसाच राहू दे.

प्रतिसाद:
'टो-इन'?

धागाकर्ती:
स्पीकर आत वळवणे. त्याला वेगळा शब्द कशाला? 'थोडे आत वळव, गायिका विरतेय' एवढं म्हटलं की घरातल्या कुणालाही कळतं.