३८ दिवसांच्या बाळाची सोनोग्राफी : 'पित्ताशय आकसलेले, नीट दिसत नाही'. मदत हवी आहे

आमची मुलगी आज ३८ दिवसांची झाली. पूर्ण दिवसांची, जन्मतः वजन २.९ किलो, फक्त अंगावरचं दूध पिते. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, मग उतरली. पण डोळ्यांतला पिवळेपणा पूर्ण गेला असं काही मला कधी वाटलं नाही. विचारलं की सगळे म्हणायचे, आईच्या दुधाची कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धर. मी रोज धरलं.

परवा तपासणीला नव्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "शीचा रंग कसा आहे?" मी सवयीने "पिवळा" म्हटलं. घरी येऊन एका दिवसाचे सगळे लंगोट खिडकीत एकाशेजारी एक मांडले आणि पोटात गोळा आला. एकही पिवळा नव्हता. फिक्या, ओल्या पांढऱ्या मातीसारखा रंग. शूचे डाग मात्र गडद पिवळे, धुऊनही न जाणारे. दिव्याच्या उजेडात रात्री-अपरात्री बदलताना हे कधी लक्षातच आलं नाही.

रक्तात एकूण बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ८.४, त्यातलं डायरेक्ट (यकृताने पित्तात सोडण्यासाठी तयार केलेलं) ४.६ आलं. लगेच सोनोग्राफी केली. उपाशी आणा असं कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तासाभरापूर्वीच ती पोटभर प्यायली होती. रिपोर्टमध्ये लिहिलंय: यकृत नॉर्मल, पित्ताशय आकसलेले व नीट दिसत नाही, पित्तनलिका फुगलेली नाही.

दूध प्यायल्यामुळेच पित्ताशय आकसलं असेल ना? नलिका फुगलेली नाही म्हणजे अडथळा नाही, असं घरचे म्हणतायत, ते बरोबर आहे का? परत सोनोग्राफी करायची तर एवढ्याशा जिवाला किती तास उपाशी ठेवायचं आणि कसं? हायडा स्कॅनची (शिरेतून औषध देऊन ते पित्तावाटे आतड्यात उतरतं का हे बघायच्या तपासणीची) तारीख १२ दिवसांनंतरची मिळालीय. तोवर थांबू का?

प्रतिसाद १

घाबरू नका. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला न्यूमोनियासाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं दिली होती, नंतर सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. आम्ही हादरलो होतो. काही आठवड्यांनी परत केली तर सगळं साफ. तुमचंही आपोआप ठीक होईल.

प्रतिसाद २

मी लहान मुलांची सोनोग्राफी करते. आधी वरच्या प्रतिसादाबद्दल: ते खरं आहे, त्या औषधाने तयार झालेले खडे बहुतेकदा औषध थांबल्यावर विरघळतात. पण या बाळाची गोष्ट वेगळी आहे, इथे त्या अनुभवाच्या भरवशावर थांबू नका.

ताई, प्रतिमा न बघता निदान सांगणार नाही. पण फिकी शी आणि एवढं डायरेक्ट बिलिरुबिन असताना पहिली शंका बिलिअरी अट्रेसियाची, म्हणजे पित्तनलिका बंद होत जाण्याची, घ्यावीच लागते. आईच्या दुधाच्या काविळीत डायरेक्ट वाढत नाही आणि शी पिवळीच राहते.

दूध प्यायल्यावर पित्ताशय रिकामं होऊन आकसतं हे खरं. म्हणूनच तुमच्या रिपोर्टवरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. नलिका फुगलेली नाही यावर मात्र अजिबात निश्चिंत होऊ नका. नलिकेची गाठ, म्हणजे कोलेडोकल सिस्ट असेल तर ती फुगलेली दिसते. अट्रेसियात नलिकेचाच तंतू होतो, मग फुगणार काय?

परत करताना आम्ही काय बघतो ते सांगते. उपाशीपोटीही पित्ताशय जेमतेम दीडेक सेंटिमीटर, भिंत वेडीवाकडी, पोकळी नावापुरती, असं असेल तर शंका बळावते. यकृताच्या दाराशी, उजव्या पोर्टल शिरेच्या (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) पुढे, पांढरी त्रिकोणी पट्टी ४ मिमीपेक्षा जाड दिसली तर आणखी बळावते. यासाठी बारीक तपशील दाखवणारा हाय फ्रिक्वेन्सीचा प्रोब हवा आणि रोज लहान मुलं तपासणारा हात हवा. मात्र पित्ताशय व्यवस्थित दिसलं तरी अट्रेसिया पूर्ण बाद होत नाही.

आणि १२ दिवस थांबू नका. हायडात औषध आतड्यात उतरलं तर अट्रेसिया नाही हे कळतं. नाही उतरलं तर मात्र तो आहेच असं सिद्ध होत नाही. शेवटचा निवाडा ऑपरेशन टेबलवर नलिकेत डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडूनच होतो. कासाई शस्त्रक्रिया (जपानच्या डॉ. मोरिओ कासाईंनी १९५९ मध्ये मांडलेली, आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात) ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त असते. तुमचा ३८ वा दिवस आहे. उद्याच लहान मुलांच्या सर्जनला किंवा यकृततज्ज्ञांना गाठा. व्हिटॅमिन के दिलंय का तेही विचारा. पित्त उतरत नसेल तर ते शोषलं जात नाही आणि रक्तस्रावाचा धोका असतो.

प्रतिसाद ३

ताई, माझ्या मुलाची कासाई ५२ व्या दिवशी झाली, आता तो पाच वर्षांचा आहे. उपाशी ठेवण्याबद्दल सांगते. आम्हाला चार तास सांगितले होते, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. सकाळची पहिली वेळ मागा आणि पहाटे उठवून पोटभर पाजा. मग बाळाला बाबांकडे द्या, तुमच्या कुशीत आलं की दुधाच्या वासाने ते जास्त रडेल. आमच्या डॉक्टरांनी उपाशीपोटी बघितलं, तिथेच पाजायला लावलं आणि थोड्या वेळाने परत बघितलं. जेल कोमट करून द्यायला सांगा, गार लागलं की बाळ दचकतं आणि पोट आवळून धरतं. आणि शीचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून सोबत न्या.

धागाकर्ती, तीन दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या दिवशीच बालशल्यचिकित्सकांकडे गेलो, उपाशीपोटी परत सोनोग्राफी झाली. चार तासांतला शेवटचा तास फार कठीण गेला, हे तिला घेऊन बाहेरच्या मार्गिकेत फेऱ्या मारत होते आणि मी दाराआड उभी होते. पित्ताशय १२ मिमी, भिंत खडबडीत, पाजल्यावरही काही बदल नाही. ती पांढरी पट्टी ४.५ मिमी. स्क्रीनवर डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली, तांदळाच्या कणीएवढी रेघ. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन लगेच दिलं. हायडासाठी थांबायचं नाही असं ठरलं. ४३ व्या दिवशी आधी डाय सोडून बघणार आणि गरज पडली तर त्याच वेळी कासाई करणार.

प्रतिसाद ३ वाल्या ताई, तुम्ही अजून इथे असाल तर एवढंच सांगा: ऑपरेशननंतर तुम्ही अंगावर किती दिवसांनी पाजू शकलात? आणि तोवर दूध टिकवायला काय केलंत?